मोत्यांची निगा आणि महाडचा पावसाळा

श्रावणांतला मंगळवार उजाडला कीं महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरांत माजघरांतलें कपाट उघडतें. घरीं नव्या सुनेची मंगळागौर असते आणि तिच्यासाठीं आजेसासूबाईंची नथ, चिंचपेटी, तन्मणी, कुड्या असा ठेवणींतला ऐवज बाहेर निघतो. बाहेर पावसाची झड लागलेली असते, भिंतींना ओल सुटलेली असते, पेटींतल्या मखमलीला कुबट वास येत असतो. तन्मणी हातांत घेऊन उंचावतांच त्याचा एक पदर आपोआप सुटतो आणि मोती टपटप जमिनीवर ओघळतात. कोणी गुडघ्यांवर बसून ते वेंचूं लागतें, कोणी मोरीचें भोंक फडक्यानें बुजवतें, कोणी लहान मुलाला उचलून बाजूला करतें. शेवटीं मोजदाद होते. परंतु पूर्वीं किती होते हेंच कोणाला ठाऊक नसल्यामुळें सगळे सांपडले कीं नाहींत याचा निकाल लागत नाहीं. मग घरांतलें वडील माणूस समजूत घालतें, "मोतीच तो, नाजूक वस्तु; कधीं ना कधीं जायचाच."

हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्या दिवशीं दगा दिला तो मोत्यानें नव्हे, दोऱ्यानें. मोती स्वतः किती चिवट असूं शकतो याचें एक उदाहरण अलीकडे उजेडांत आलें. अबू धाबीच्या किनाऱ्याजवळ मरावा नांवाचें बेट आहे. तेथें २०१७ सालीं चाललेल्या उत्खननांत एका दगडी घराच्या अवशेषांत एक लहानसा मोती मिळाला आणि त्याचें वय सुमारें ८,००० वर्षें ठरलें. इतकीं वर्षें वाळूंत पडून राहूनहि जो पदार्थ मोती म्हणून ओळखतां येतो, तोच आपल्या कपाटांत साठ-सत्तर वर्षांत खडूसारखा निस्तेज कां पडावा? याचें उत्तर मोत्याच्या घडणींत आहे, आणि कांहीं अंशीं कोंकणच्या हवेंत व स्वयंपाकघरांतहि आहे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मोत्यांचीं उत्पत्तिस्थानें आठ सांगितलीं आहेत: हत्ती, साप, शिंपला, शंख, मेघ, वेळू, तिमि नांवाचा मासा आणि रानडुक्कर. स्वाती नक्षत्रांतल्या पावसाचा थेंब शिंपल्यांत पडून त्याचा मोती होतो, ही समजूत तर घरोघर आहे. कल्पना रम्य आहे. पण मोती राखावयाचा असेल तर ती क्षणभर बाजूस ठेवली पाहिजे. वस्तुस्थिति अशी कीं, शिंपल्यांतल्या प्राण्याच्या मऊ अंगांत एखादा सूक्ष्म जीव शिरला किंवा तेथें कांहीं इजा झाली, म्हणजे तो प्राणी शिंपल्याच्या आंतल्या बाजूस जें चकचकीत अस्तर चढवतो त्याच पदार्थाचे थर त्या जागेभोंवतीं चढवूं लागतो. हे थर केंसाहून कितीतरी पातळ असतात. त्यांत मुख्य भाग रसायनशास्त्रांत ज्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात त्याचा. शंभर भागांत सुमारें पंचाऐंशी. बाकीच्यांत थोडें पाणी आणि एक सेंद्रिय द्रव्य. विटांमधला चुना जसा विटा सांधून धरतो तसें हें द्रव्य त्या चिमुकल्या स्फटिकांना सांधून धरतें. अंड्याचें कवच, शहाबादी फरशी आणि मोती हीं या दृष्टीनें एकाच गोत्रांतलीं. मात्र मोत्यांत हे स्फटिक पापुद्र्यावर पापुद्रा असे रचलेले असतात, आणि त्या पापुद्र्यांवरून व त्यांच्या आंतून प्रकाश जो परतून येतो त्यालाच जव्हेरी मोत्याचें पाणी म्हणतात. पापुद्रा खरवडला गेला किंवा विरला कीं हें पाणी उतरतें, आणि उतरलेलें पाणी कोणत्याहि औषधानें पुन्हां चढत नाहीं.

आतां चुनखडीच्या जातीच्या वस्तूला सर्वांत घातक काय, हें शाळेंतल्या मुलालाहि सांगतां येईल. लिंबाचा रस अंड्याच्या कवचावर टाकला तर बुडबुडे येतात. मोत्यावर टाकला तर तेंच होतें, फक्त सावकाश. प्लिनी नांवाच्या रोमन लेखकानें क्लिओपात्रा राणीची गोष्ट लिहून ठेवली आहे. तिनें पैजेखातर कानांतला मोती शिरक्यांत विरघळवला आणि तो शिरका पिऊन टाकला. गोष्टींतली घाई अतिशयोक्तीची असेल, परंतु रसायन खोटें नाहीं. आपल्या घरांत शिरका क्वचित असतो. पण आमसूल, आगळ, चिंच, कैरी आणि लिंबू यांवांचून कोंकणांतल्या स्वयंपाकाचें पान हालत नाहीं. लग्नसराई येते ती नेमकी कैरी-आंब्याच्या दिवसांत. पन्हें करतां करतां, सार ढवळतां ढवळतां तोच हात नथीकडे जातो, घसरलेला सर सांवरतो. दर वेळीं नजरेला कांहींच दिसत नाहीं. दहा वर्षांनीं दिसतें.

याहून वाईट म्हणजे मुद्दाम केलेली सफाई. तांब्या-पितळेचीं भांडीं चिंचेनें किंवा आमसुलानें लखलखीत निघतात, म्हणून दागिनाहि त्यांतच बुडविण्याची बुद्धि होते. सोन्याचें त्यानें फारसें बिघडत नाहीं, मोत्याचें मात्र कायमचें बिघडतें. रिठ्याच्या पाण्याचें नांव सौम्य म्हणून घेतात. तें सोन्याला खुशाल वापरावें, परंतु तेंहि किंचित आम्ल असतें आणि मोत्याचा दागिना त्यांत भिजत घालणें बरें नव्हे. नथीचा फांसा तुटला म्हणून ती सोनाराकडे नेली तर मोती आधीं उतरवून घ्यावयास सांगावें. सोनें तापवून सांधल्यावर तें तेजाबी पाण्यांत टाकून स्वच्छ करतात, आणि मोत्याला त्या तापाचें व त्या पाण्याचें दोहोंचेंहि वावडें. अलीकडे सराफी दुकानांतून ध्वनिलहरींनीं दागिने धुण्याचें यंत्र असतें. हिऱ्याच्या कुड्या त्यांत घालाव्या, मोत्याच्या घालूं नयेत.

दुसरी गोष्ट कठिणपणाची. खनिजांचा कठिणपणा मोजण्याची जी दहा पायऱ्यांची पट्टी आहे तीवर मोती अडीच ते साडेचार यांच्या दरम्यान बसतो, आणि रस्त्यावरच्या धुळींत जी गारेची बारीक पूड असते ती सातव्या पायरीवर. म्हणून धूळ बसलेला सर कोरड्या फडक्यानें जोरानें पुसणें म्हणजे पॉलिशकागदानें पुसणेंच होय. दंतमंजन, खाण्याचा सोडा, रांगोळी यांनीं चांदी उजळणाऱ्या हातांनीं मोत्यांना तेवढें सोडून द्यावें. वास्तविक मोत्यांची नित्याची सफाई इतकी सोपी आहे कीं ती कोणाला सफाई वाटत नाहीं. जुन्या मलमलीचें मऊ फडकें पाण्यांत बुडवून घट्ट पिळावें, दागिना अंगावरून उतरल्याबरोबर त्यानें प्रत्येक मोती हळुवार टिपावा, मग कोरड्या मलमलीवर पसरून ठेवावा. एवढें दर वेळीं केलें तर साबणाची गरज वर्षानुवर्षें पडत नाहीं.

घाम हाहि आंबटच. मानेला भिडून राहणाऱ्या सरांतले मोती वर्षानुवर्षांच्या घामानें कडेनें झिजून पिंपासारखे लांबट झालेले पाहावयास मिळतात. तरीहि मोती अंगावर वापरावेत. वापरून पुसून ठेवावेत. हळदीचा डाग याच्याहि पुढचा. हळद मोत्याच्या भोंकांत आणि रेशमांत शिरली कीं मोती आंतून पिवळा दिसूं लागतो. लग्नांत हळद लागेपर्यंत मोत्यांचे दागिने डबींतच असूं द्यावेत. पावडर, अत्तर, केंसांवर मारावयाचे फवारे, गजरा, सर्व आटोपल्यावर मोती शेवटीं चढवावेत आणि घरीं आल्यावर सर्वांत आधीं उतरवावेत, हा जगभरच्या जव्हेऱ्यांचा परिपाठ आहे. नथीला तर हा नियम दुप्पट लागू, कारण श्वासाची वाफ, घाम आणि तोंडाला लावलेलीं प्रसाधनें या तिहींच्या माऱ्यांत ती एकटी सांपडलेली असते.

आतां दोऱ्याविषयीं, कारण खरी हानि तेथून होते. मोत्यांचे सर रेशमांत ओंवतात, आणि तें योग्यच आहे. रेशीम मऊ असतें, मोत्याचें भोंक कापीत नाहीं, गळ्यावर सर सुरेख झुलतो. परंतु रेशीम हेंहि कीटकानें काढलेलें सेंद्रिय द्रव्य; तें ओल धरतें, घाम पितें, ताणलें जातें आणि शेवटीं कुजतें. महाडला वर्षाकाठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पोलादपूर तर महाबळेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशीं. जून ते सप्टेंबर या काळांत तेथल्या कपाटांतलें रेशीम पुरतें कोरडें असें कधींच नसतें. तेव्हां "हा सर तर आम्ही वर्षांतून एकदांच घालतों, दोरा कसा झिजेल?" हा प्रश्न पुण्यांत कदाचित शोभेल, महाडांत न घातलेला दोराहि जुना होतो.

दोरा केव्हां बदलावा हें ओळखण्यास शास्त्र लागत नाहीं. सर टेबलावर सरळ ठेवून दोन्ही टोंकें हलकेच ताणावीं. दोन मोत्यांमध्यें फट दिसली, म्हणजे रेशीम लांबलें. भोंकाच्या तोंडाशीं दोरा काळपट किंवा मळकट दिसला, म्हणजे घाम व तेल आंत शिरलें. फांशाजवळच्या शेवटच्या दोन मोत्यांपाशीं तंतु पिंजलेले दिसले, म्हणजे तो सर गळ्यांत घालूंच नये. नेहमीं वापरांतला सर वर्षा-दोन वर्षांनीं आणि ठेवणींतला तीन-चार वर्षांनीं पुन्हां गाठवून घ्यावा. एकपदरी सर असेल तर प्रत्येक दोन मोत्यांमध्यें एक बारीक गांठ मारावयास सांगावें. गांठी मारल्यानें सराची लांबी थोडी वाढते आणि मजुरीहि वाढते, म्हणून पुष्कळ जण नको म्हणतात. पण त्या गांठीमुळें मोती मोत्यावर घांसत नाहीं, आणि दोरा तुटलाच तर एक मोती पडतो, साठ पडत नाहींत.

हें काम मुळांत पटवेकऱ्याचें. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा पदर अडकवून तो पाहतां पाहतां गोंडे, सरफळीं, अडकवण्या तयार करी, आणि कोणत्या पदराला किती पिळाचें रेशीम लागतें हें त्याचीं बोटें जाणत. आज हा धंदा लहान गांवांतून जवळजवळ उठला आहे. त्यामुळें घरींच नायलॉनच्या दोऱ्यांत किंवा मासे पकडण्याच्या तंगुशींत मोती ओंवून घेण्याचा प्रकार वाढला आहे. तो दोरा तुटत नाहीं, हें खरें. पण त्याची कठिण धार भोंकाची कड कुरतडते आणि तेथूनच पापुद्रा सुटूं लागतो. दोरा शाबूत राहून मोती फुटावा, हा सौदा कोणी शहाणा करणार नाहीं. मुंबई-पुण्यास जाणें वर्षांतून एखादे वेळीं तरी होतेंच. त्या वेळीं सर बरोबर न्यावा.

ठेवण्याच्या बाबतींत दोन टोंकें टाळावयाचीं आहेत. एक ओलीचें, दुसरें अति कोरडेपणाचें. ओलीला भिऊन पुष्कळ घरांत मोत्यांच्या डबींत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकतात, किंवा डबी घट्ट झांकणाच्या प्लास्टिकच्या पिशवींत बांधून बँकेच्या लॉकरांत दहा-दहा वर्षें ठेवतात. चांदीला हा उपाय चांगला. मोत्यांतलें जें थोडेंसें अंगचें पाणी आहे तें मात्र अशानें उडतें आणि पापुद्र्यांना बारीक तडे जातात. मोती स्वतंत्र मऊ कापडी पिशवींत ठेवावेत, सोन्याच्या पाटल्या किंवा हिऱ्याची अंगठी त्यांच्या शेजारीं ठेवूं नये, आणि पावसाळ्यांत दर पंधरवड्यानें एखाद्या उघडिपीच्या दिवशीं तासभर सावलींत, वाऱ्यावर काढून पुसून परत ठेवावेत. उन्हांत किंवा दिव्याच्या उष्णतेंत मुळींच ठेवूं नयेत.

लांकडी पेटीविषयीं एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. इंग्लंडांतले शंख-शिंपल्यांचे संग्राहक आपला संग्रह लांकडी खणांत ठेवीत, आणि कांहीं वर्षांनीं त्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरून ते खाल्ल्यासारखे दिसत. बाइन नांवाच्या संग्राहकानें १८९९ सालीं या रोगाचें वर्णन केलें म्हणून त्याला त्याचेंच नांव पडलें. पुढें कळलें कीं हा रोग नसून लांकडांतून, विशेषतः ओकसारख्या लांकडांतून, सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा दमट हवेंत शिंपल्यावर बसतात आणि चुनखडी खातात. शिंपला आणि मोती एकाच द्रव्याचे. तेव्हां आजीची नक्षीची लांकडी पेटी जपून ठेवावी, तींत चिठ्ठ्या-पत्रें ठेवावीं. मोती ठेवावयाचे तर मध्यें धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या असाव्या आणि पेटी महिनोन्महिने बंद राहूं नये.

येथवर जें सांगितलें तें नेहमींच्या पावसाळ्याचें. महाडला दुसराहि एक पावसाळा ठाऊक आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपुरावरून महाडला येते, गांधारी आणि काळ या नद्या तिला या परिसरांत मिळतात, आणि पुढें ती बाणकोटच्या खाडीनें समुद्रास जाते. वर घाटमाथ्यावर पाऊस आणि खालीं खाडीला भरती यांची गांठ पडली कीं पाण्याला जावयास वाट उरत नाहीं आणि तें गांवांत शिरतें. २००५ च्या जुलैंत तें शिरलें होतें. २०२१ च्या जुलैंत, २२ तारखेच्या सुमारास, त्याहून भयंकर प्रसंग आला. महाबळेश्वरीं चोवीस तासांत सुमारें ५९० मिलिमीटर पाऊस झाला आणि महाडचे तळमजले बुडाले. त्याच दिवशीं तालुक्यांतल्या तळिये गांवावर दरड कोसळून माणसें गाडलीं गेलीं. त्या दुःखापुढें दागिन्यांची गोष्ट काढणें शोभत नाहीं. पण ज्या घरांतलीं माणसें वाचलीं त्या घरांत, पाणी ओसरल्यावर, गुडघाभर गाळांतून कपाट ओढून काढलें जातें, तळाचा खण उघडत नाहीं म्हणून फोडला जातो, आणि चिखलानें भरलेली एक डबी हातांत येते. सासूनें सुनेच्या हातांत दिलेली ती एकच वस्तु कित्येकदां उरलेली असते. पुढच्या अर्ध्या तासांत जें करतात त्यावर ती राहते किंवा जाते.

त्या वेळीं पहिली चूक होते ती पुसण्याची. गाळ म्हणजे गारेची बारीक वाळूच. पदरानें एकदां खसकन पुसलें कीं मोत्यावर ओरखडे उठलेच. दुसरी चूक जंतुनाशकाची. पुरानंतर गांवभर ब्लीचिंग पावडर टाकतात आणि घरांतली प्रत्येक वस्तु तिच्या पाण्यानें धुतात. भांड्यांना तें आवश्यक आहे. मोत्याच्या पापुद्र्यांना सांधणारें जें सेंद्रिय द्रव्य आहे त्याला मात्र क्लोरीन जाळतें. कोणतेंहि उग्र जंतुनाशक किंवा अमोनिया यांचीहि तीच कथा. तिसरी चूक वाळवण्याची: चुलीजवळ, उन्हांत, केंस वाळवण्याच्या यंत्राखालीं, नाहीं तर तांदळाच्या डब्यांत.

करावयाचें तें असें. गाळ वाळण्याआधींच पिण्याचें स्वच्छ पाणी एका पसरट भांड्यांत घ्यावें, त्यांत सर अलगद सोडावा आणि गाळ आपोआप सुटूं द्यावा. पाणी गढुळलें कीं बदलावें. हाताशीं मोबाइल असेल तर दागिन्याचें छायाचित्र आधींच काढून ठेवावें, म्हणजे मोत्यांचा क्रम पुन्हां जुळवितां येतो. ओला सर टांगूं नये. भिजलेलें रेशीम वजनानें लांबतें. शक्य तर तो वांचविण्याचा मोह सोडून दोरा एका टोंकाला कापावा आणि एकेक मोती ओघळूं न देतां जाड पंचाच्या घड्यांमध्यें क्रमानें मांडावा. मग चित्रें रंगविण्याचा मऊ कुंचला सौम्य साबणाच्या एका थेंबानें भिजवून प्रत्येक मोती वेगळा धुवावा आणि पुन्हां साध्या पाण्यांतून काढावा. भोंकांतला गाळ सुईनें टोंकरूं नये. जाड सुती दोरा त्यांतून दोन-तीनदां फिरवावा. नंतर दोन-तीन दिवस सावलींत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर मोती वाळूं द्यावेत. तोंवर ओंवूं नयेत.

तन्मणीचें खोड आणि चिंचपेटीचीं घरें यांची गोष्ट निराळी. त्यांतले खडे लाखेवर, पाठीमागें चकाकता पत्रा देऊन बसविलेले असतात. तेथें पाणी शिरलें कीं पत्रा काळवंडतो आणि खडा आंधळा होतो. तीं घरें पाण्यांत बुडवूं नयेत, ओल्या फडक्यानें टिपून जाणत्या कारागिराकडे न्यावीं. नथीचे मोती सोन्याच्या तारेंत असतात, म्हणून ती धुण्यास सोपी; पण वांकलेली तार घरीं सरळ करावयास जाऊं नये. मोती जेथें तारेला भिडतो तेथेंच तो फुटतो.

आणि पुरानंतर महिनाभरानें आणखी एक संकट येतें. घराला पैसा हवा असतो. जुनी, मळलेली, तुटकी नथ मोडींत निघते. मोडीचा व्यवहार सोन्याच्या वजनावर होतो. मोती काढून टाकून सोनें तोलतात, आणि काढलेले मोती कधीं पुडींत बांधून परत देतात, कधीं कोणी मागतच नाहीं. येथें घरच्यांनीं जागें राहावें. ज्याला आपल्याकडे बसरा मोती म्हणतात तो इराणच्या आखातांतला, शिंपल्यांत आपोआप झालेला मोती. तो मुंबईच्या बाजारांत येई, तेथें निवडला, ओंवला जाई आणि पॅरिसपर्यंत पोंचे. त्याची किंमत करण्याची मुंबईची जुनी रीत 'चव' या मानाची होती, आणि तींत किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढे. दुप्पट वजनाचा मोती दुप्पट किंमतीचा नव्हे, चौपट किंमतीचा. १९१७ सालीं न्यूयॉर्कमध्यें कार्टिए या जव्हेऱ्यानें मोत्यांचा एक दुपदरी हार आणि वर १०० डॉलर देऊन फिफ्थ अव्हेन्यूवरची एक हवेली घेतली; हाराची किंमत १० लाख डॉलर धरली होती. जपानांत मिकिमोतो यांनीं १८९३ सालीं शिंपल्याकडून अर्धगोल मोती करवून घेतला आणि पुढें पूर्ण गोल मोतीहि निपजूं लागले, तेव्हां हे भाव कोसळले. तोच हार १९५७ सालीं दीड लाख डॉलरांच्या आसपास विकला गेला. मुंबईचा मोती-बाजारहि १९३० च्या दशकांत बसला. त्या पडत्या काळांत "मोत्याला काय किंमत!" हें वाक्य जें घराघरांत शिरलें तें अजून निघालें नाहीं. काळ मात्र पुन्हां बदलला आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं १८६५ च्या सुमारास बारीक बसरा मोत्यांचा जो गालिचा करविला, तो २००९ सालीं दोहा येथील लिलावांत ५४ लाख डॉलरांवर गेला. घरच्या नथीचे मोती त्या तोलाचे नसतील; पण ते फुकटहि नसतात.

ते खरे बसरा, कीं पुढें शेतींतून निपजलेले, कीं नुसती लेप दिलेली कांच, हें ओळखण्यासाठीं घरगुती कसोट्या लावूं नयेत. गरुडपुराणांत मोती मीठ घातलेल्या ऊन तेलांत रात्रभर ठेवण्याची आणि फडक्यांत गुंडाळून भातानें चोळण्याची परीक्षा आहे. ती जुन्यांनीं केली. आतां तिचें कारण उरलें नाहीं. दोन मोती एकमेकांवर हलकेच फिरवले तर खऱ्याला खरखर लागते आणि कांच गुळगुळीत घसरते, एवढें घरीं पुरे. मात्र आपोआप झालेला मोती आणि निपजविलेला मोती यांतला भेद खरखरीनें कळत नाहीं. त्यासाठीं रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेंत क्ष-किरणांनीं आंतली रचना पाहावी लागते. मोडीस देण्याआधीं जुन्या नथीचे सात-आठ मोती तेथें दाखविण्याचा खर्च अवश्य सोसावा. निस्तेज मोती "पॉलिश करून देतों" म्हणणाऱ्याच्या हातीं मात्र सहसा देऊं नयेत. वरचा पापुद्रा काढून खालचा उजळ थर दाखविणारे कसबी कारागीर पूर्वीं होते. पण निपजविलेल्या मोत्यावर थर मुळांतच पातळ असतो आणि तो काढला कीं आंतला शिंपल्याचा मणीच उघडा पडतो.

राहिलें मोजण्याचें काम. ज्या दिवशीं दागिने बाहेर निघतील त्या दिवशीं प्रत्येक सराचे मोती मोजावेत, नथीचे मोजावेत, कुड्यांचे मोजावेत. एका कागदावर दागिन्याचें नांव, मोत्यांची संख्या, दोरा शेवटचा केव्हां बदलला तें साल आणि तो कोणाकडून आला तें नातें लिहावें. त्याची एक प्रत गाठवावयास देतांना कारागिरासमोर वाचून दाखवावी आणि परत घेतांना पुन्हां मोजावी. दुसरी प्रत त्या डबींत ठेवूं नये. डबी तळाच्या खणांतून काढून माळ्यावर नेण्याचा दिवस महाडांत जूनच्या पहिल्या आठवड्यांत असावा. आणि ती प्रत त्या वेळीं घरांतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी, शक्य तर परगांवीं असलेल्या लेकीच्या, हवालीं असावी.